लोकरीच्या गावातील सभागृह

इंग्लंडमधील सफोक परगण्याचे लॅव्हनहॅम हे एकेकाळी निळ्या लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. 1525 मध्ये आठव्या हेन्रीने फ्रान्सवरील स्वारीसाठी जादा पैसा मागितला. कापड व्यापाऱ्यांनी कामच थांबवले. बेकार झालेले हजारो विणकर व मजूर याच गावात जमून उठले, आणि राजाला ती वसुली सोडून द्यावी लागली.

त्यानंतर 1530 च्या सुमारास तेथील श्रीमंत व्यापाऱ्यांच्या धार्मिक मंडळाने लाकडी चौकटीचे देखणे सभागृह उभारले. ते 'गिल्डहॉल' म्हणून ओळखले जाते. ज्यांच्या मागावर ती श्रीमंती विणली गेली, ते विणकर मात्र दाराबाहेरच राहिले. 1547 च्या कायद्याने अशा मंडळांच्या मालमत्ता राजसत्तेने ताब्यात घेतल्या. पुढे या वास्तूत गावचा कारभार चालला, तुरुंग झाला, गरिबांचे कामघर झाले. गरिबाला आत जागा मिळाली, पण ती कैदी आणि निराधार म्हणून! 1951 पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे.

आपले जमातखाने, वक्फच्या जागा यांची चर्चा बहुधा मालकीपाशी थांबते. मालकी राखलीच पाहिजे. पण त्या वास्तूत आपल्या मोमीन विणकराला, त्याच्या लेकीला बसायला जागा आहे का, हेही विचारायला हवे.