एका रात्रीचा मुक्काम

'मुक्काम' हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरला आहे, की तो मूळचा अरबी आहे हे सांगितलं तर पुष्कळांना पटत नाही. पत्रावर आपण 'मु. पो.' लिहितो, त्यातला 'मु.' म्हणजे हा मुक्कामच. 'मुसाफिर'ही तिकडूनच आला. दोन्ही शब्द जोडीनं आले हे बरं झालं, कारण मुसाफिराची पहिली काळजी मुक्कामाचीच असते. दिवस कसाही निघून जातो. सूर्य कलला, की मनात एकच प्रश्न उरतो : रात्री पाठ कुठे टेकायची?

माझ्या आयुष्यातला एक मुक्काम मी विसरू शकत नाही. तो अमेरिकेतला आहे आणि एका दुकानाच्या दारातला आहे.

2018 च्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीच्या मुलाकडे टेक्सासमध्ये गेलो होतो. त्यानं एक घरगाडी भाड्यानं घेतली. तिकडे तिला आरव्ही म्हणतात. आत शेगडी, बिछाने, न्हाणीघर, सगळं. आम्ही ग्रँड कॅनियन पाहायला निघालो. न्यू मेक्सिकोत संध्याकाळ झाली, तेव्हा भाच्यानं गाडी एका अवाढव्य दुकानाच्या आवारात वळवली.

'काही घ्यायचंय का?' मी विचारलं.

'नाही मामू, आज इथंच झोपायचं.'

मी चरकलो. दुकानाच्या आवारात? कुणी हटकलं तर? माझी दाढी, आमची नावं, परका मुलूख. भाचा म्हणाला, 'मी दुपारीच फोन करून विचारलंय. आता आत जाऊन मॅनेजरला पुन्हा सांगून येतो.' पाच मिनिटांत तो परतला. मॅनेजरनं दोनच गोष्टी विचारल्या होत्या. गाडी किती लांब आहे आणि रात्री किती राहणार. मग त्यानं आवाराचा एक कोपरा दाखवला, बाहेर खुर्च्या मांडू नका एवढं बजावलं आणि आपल्या कामाला लागला.

ही रीत आली कुठून, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मनात शिरला. परत आल्यावर वाचत गेलो. आज तीच हकिकत सांगायची आहे.

मोटार आली तेव्हा अमेरिकेत मोटारवाल्यासाठी मुक्कामाची सोय अशी नव्हती. 1903 मध्ये व्हरमाँटच्या होरेशिओ जॅक्सन नावाच्या डॉक्टरनं 50 डॉलरची पैज लावून सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क असा मोटारप्रवास केला. असा अख्खा देश मोटारीनं ओलांडणारा तो पहिला. सोबत एक मेकॅनिक होता, वाटेत एक कुत्राही मिळाला. 63 दिवस लागले. पुढे 1908 मध्ये हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' आली आणि 1925 च्या सुमारास तिची किंमत 300 डॉलरच्याही खाली उतरली. शेतकरी, शिक्षक, कारागीर रस्त्यावर आले. खुद्द फोर्ड, संशोधक एडिसन आणि टायरवाले फायरस्टोन उन्हाळ्यात गाड्यांचा ताफा घेऊन रानात तंबू ठोकायचे.

लोक मिळेल तिथे थांबू लागले. शेताच्या बांधावर, शाळेच्या अंगणात, ओढ्याकाठी. तंबू गाडीलाच बांधायचा, डब्यातलं अन्न गरम करायचं आणि झोपायचं. 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरी अशा प्रवाशांनी संघटनाच काढली. नाव 'टिन कॅन टुरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी! गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाग दिलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. आवार स्वच्छ ठेवायचं आणि एकमेकांना मदत करायची, हा त्यांचा शिरस्ता.

पण सगळेच प्रवासी असे नव्हते. कुणी कुंपणाची लाकडं जाळली, कुणी बागेतली फळं तोडली, कुणी मागे घाण ठेवून गेला. शेतकऱ्यांनी पाट्या लावल्या. तेव्हा नगरपालिका पुढे आल्या. प्रवाशानं भलतीकडे तंबू ठोकण्यापेक्षा गावाच्या मैदानात उतरावं आणि जाताना बाजारात चार पैसे खर्चावेत, हा हिशेब. पाणी, दिवे, चुली, सगळं फुकट. डेन्व्हर शहराचा असा तळ तर देशभर गाजला.

फुकटाचे दिवस फार टिकले नाहीत. सुटीवर आलेल्यांच्या शेजारी कामाच्या शोधात फिरणारी कुटुंबंही उतरू लागली. ती एक रात्र नव्हे, महिना महिना राहू लागली. मग गावांनी भाडं लावलं, मुक्कामाला मुदत घातली. रक्कम किरकोळ होती, हेतू किरकोळ नव्हता. खिशात पैसा नसलेला माणूस दाराशी थांबू नये, हा त्यातला एक हेतू होता. पाठोपाठ खासगी तळ आले, खोल्या आल्या. 1925 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो इथं एका वास्तुशिल्पकारानं मोटारवाल्यांसाठी हॉटेल बांधलं आणि 'मोटर' व 'हॉटेल' जोडून नाव दिलं 'मोटेल'.

मंदी आली, दुष्काळ आला, धुळीची वादळं आली. ओक्लाहोमा-आर्कान्साकडची उद्ध्वस्त कुटुंबं गाड्यांवर संसार बांधून पश्चिमेकडे निघाली. 1936 मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसप्रमुखानं आपले 136 पोलीस थेट राज्याच्या सीमेवर नेऊन उभे केले, निर्धन माणसाला आत येऊ न देण्यासाठी! गरिबाला राज्यात आणणं हा गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं 1941 मध्ये रद्द केला. तोवर रस्त्यानं एक गोष्ट शिकवून टाकली होती. गाडी तीच, तंबू तोच. पण सुटीवर निघालेला 'पाहुणा' ठरतो आणि पोटासाठी निघालेला 'उपरा'.

आणि एक माणूस असा होता, की त्याच्या खिशात पैसे असूनही त्याला मुक्काम नव्हता. तो काळा माणूस.

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे पोस्टमन. 1936 मध्ये त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. पुढे ती 'ग्रीन बुक' या नावानं प्रसिद्ध झाली. काळ्या प्रवाशाला कुठं खोली मिळेल, कुठं जेवण मिळेल, कुठल्या पंपावर पेट्रोल मिळेल, याची ती यादी होती. सुरुवात न्यूयॉर्कपासून झाली, मग सारा देश तिच्यात आला. कित्येक गावांत हॉटेल नव्हतंच. तिथं एखाद्या विधवेचं किंवा शिक्षकाचं घर नोंदवलेलं असे. कित्येक गावांनी तर सूर्यास्तानंतर काळ्या माणसानं हद्दीत दिसू नये अशा पाट्याच लावल्या होत्या. एस्सो कंपनीच्या पेट्रोलपंपांवर ही पुस्तिका मिळायची. या पुस्तिकेची गरजच उरणार नाही असा दिवस येवो, अशी आशा तिच्यातच छापलेली असे. ग्रीन 1960 मध्ये वारले. 2 जुलै 1964 रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. अटलांटातल्या 216 खोल्यांच्या एका मोटेलनं त्याला आव्हान दिलं. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मोटेलवाल्याला एकमतानं नकार दिला. काळ्या प्रवाशांना मुक्कामासाठी वेगळी पुस्तिका लागते, याची नोंद त्या निकालपत्रात आहे. दोन-तीन वर्षांत पुस्तिका बंद झाली.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कविसंमेलनांच्या निमित्तानं मी महाराष्ट्र पुष्कळ हिंडलो. लोकांनी घरात घेतलं, पंक्तीत बसवलं, मानानं परत पाठवलं. तरी एका गावची रात्र आठवतेच. लॉजचा माणूस किल्ली काढून बसला होता. रजिस्टरमध्ये मी नाव लिहिलं, त्यानं ते वाचलं आणि किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. म्हणाला, 'आताच फोन आला साहेब, खोली गेली.' ती रात्र मी एस.टी. स्टँडच्या बाकावर काढली. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी आपल्या फडक्यातली भाकरी माझ्यापुढे केली, नाव न विचारता. दोन्ही माणसं माझ्याच मुलखातली. म्हणून मी कुणा एका देशाला चांगला किंवा वाईट म्हणत नाही.

असो. पुन्हा दुकानाच्या आवारात येऊ.

1956 मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 41 हजार मैलांच्या महामार्गांचा कायदा केला. 2 जुलै 1962 रोजी आर्कान्सातल्या रॉजर्स या गावी सॅम वॉल्टन यांनी पहिलं 'वॉलमार्ट' उघडलं. 1966 पासून आयोवातल्या 'विनेबेगो' कंपनीच्या घरगाड्या बाहेर पडू लागल्या. रस्ते, गाड्या आणि दुकानं एकाच सुमारास वाढत गेली. वॉलमार्टची दुकानं छोट्या गावांच्या वेशीवर, महामार्गाजवळ. आवार एकरांनी मोजावं एवढं आणि रात्री रिकामं. तिथं घरगाडी थांबली तर दुकानाचं जातं काय? उलट तो माणूस रात्री दूध घेतो, सकाळी पाव घेतो, गाडीचं तेल घेतो. कंपनीनं ही पद्धत चालू दिली. तिच्या दुकानांत मिळणाऱ्या रस्त्यांच्या नकाशापुस्तकात दुकानांचे पत्तेही असत.

यात भूतदया कमी आणि व्यवहार जास्त आहे, हे मान्य. पण तो हक्क नाही, हे महत्त्वाचं. कंपनीचं धोरणच असं, की परवानगी त्या त्या दुकानाचा मॅनेजर देणार, तीही जागा पाहून आणि गावचे नियम पाहून. म्हणून जाणते प्रवासी आधी विचारतात. भटक्यांच्या संघटनांनी यासाठी साधी आचारसंहिता केली आहे. एकच रात्र राहायचं. दारापासून दूर, कडेला थांबायचं. खुर्च्या, छत, शेगडी बाहेर काढायची नाही. गाडी स्थिर करणारे लोखंडी पाय डांबरावर टेकवायचे नाहीत, उन्हानं मऊ झालेल्या डांबरात ते रुततात आणि खड्डा दुकानाच्या माथी येतो. सांडपाण्याचा थेंब खाली पडता कामा नये. जनरेटरचा आवाज शेजाऱ्याला छळतो आणि त्याचा धूर आत शिरला तर झोपलेल्याचा जीव जातो. दुकानातून काहीतरी विकत घ्यायचं. आणि जागा सापडली त्याहून स्वच्छ करून निघायचं.

सुरक्षेचंही शास्त्र आहे. भाच्यानं गाडी दिव्याखाली लावली आणि तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवलं. 'का रे?' म्हटलं, तर म्हणाला, 'मन धजेना झालं तर खाली न उतरता निघून जाता यावं, मामू.' दारं आतून लावली, पडदे ओढले, किल्ली हाताशी ठेवली.

मध्यरात्री काचेवर टकटक झाली. माझ्या छातीत धस्स झालं. भाच्यानं दार न उघडता काच थोडी खाली केली. बाहेर पहारेकरी होता. आवार झाडणारं यंत्र येणार होतं, गाडी दहा फूट पुढं घ्या, म्हणाला. एवढंच. त्यानं त्रासाबद्दल माफी मागितली आणि तो गेला. मला मात्र पहाटेपर्यंत झोप लागली नाही. ती टकटक माझ्या मनात किती जुनी होती, हे मला तेव्हा कळलं.

आज ही रीत आकसते आहे. कित्येक गावांनी रात्री गाडीत झोपायला बंदी केली. भाडं घेणाऱ्या तळांच्या मालकांनीही तसा आग्रह धरला. 2020 च्या साथीत वॉलमार्टनं रात्रभर उघडं राहणं थांबवलं, ते पुन्हा सुरू केलं नाही. काही प्रवाशांनी आवाराचं उकिरडं केलं, आठवडा आठवडा हलले नाहीत. आणि 2008 च्या मंदीनंतर गाडी हेच घर झालेली माणसं वाढली. जेसिका ब्रुडर यांचं 2017 चं 'नोमॅडलँड' हे पुस्तक आणि त्यावरचा ऑस्करविजेता चित्रपट यांनी ती जगापुढे आणली. सांता बार्बरा या शहरात 2004 पासून अशा माणसांना रात्रीपुरती सुरक्षित जागा देण्याचा उपक्रम चालू झाला. तर जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक जागी मुक्काम ठोकणाऱ्याला दंड करण्याची गावांना मुभा दिली. 1920 च्या दशकातला प्रश्न शंभर वर्षांनी तसाच दाराशी उभा आहे : पाहुणा कोण आणि उपरा कोण?

सकाळी भाचा झाडू घेऊन खाली उतरला. आमचा कचरा नव्हताच. कुणाचे तरी कागदी पेले पडले होते, ते त्यानं गोळा केले. मी दोन हातांनी मदत केली. मग आत जाऊन आम्ही दूध, पाव आणि केळी घेतली. रात्रीचा मॅनेजर घरी जायच्या तयारीत होता. त्यानं विचारलं, 'झोप लागली ना?'

मी म्हटलं, 'लागली.' खोटंच बोललो. पण त्या माणसानं पहिल्यापासून एकदाही माझं नाव विचारलं नव्हतं. एवढ्यासाठी एक खोटं माफ असावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)