गोटुल, मेंढा (लेखा)

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाचे सार्वजनिक सभागृह. गडचिरोली–धानोरा रस्त्याने गेल्यास गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ३० किमी. अंतरावर, धानोऱ्याच्या अलीकडे लागते. वैनगंगेला मिळणारी कठाणी नदी जवळून वाहते. लेखा हे शेजारचे गाव. मेंढा नावाची गावे विदर्भात आणखीही असल्यामुळे हे गाव ‘मेंढा (लेखा)’ असे लिहिण्याचा प्रघात पडला. वस्ती चार-पाचशे लोकांची. गावाच्या सामूहिक वनहक्काविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या वाटेवरची सुरुवातीची मोठी लढाई जंगलासाठी नव्हे, तर एका इमारतीसाठी झाली होती आणि ती इमारत म्हणजे हे गोटुल. या नोंदीत त्याचा विचार मुख्यतः त्याच अंगाने केला आहे.

गोटुल म्हणजे काय. मराठीत हा शब्द ‘घोटुल’ असाही लिहिला जातो. गडचिरोलीकडे ‘गोटुल’ किंवा ‘गोटूल’ हा उच्चार ऐकू येतो. गोंड समाजाच्या अनेक शाखांत गावाचे एक सामाईक घर असे. ते कोणा एका कुटुंबाचे नसे, देवाचेही नसे. बस्तरच्या मुरिया गोंडांत अविवाहित मुलेमुली संध्याकाळी तेथे जमत. मुलांना चेलिक, मुलींना मोटियारी म्हणत. नाच, गाणी, वाद्ये, कामाची शिस्त, वडीलधाऱ्यांची सेवा, लग्नाकार्यात आणि मर्तिकात पडणारी कामे हे सारे शिक्षण तेथेच होई. पहिले गोटुल लिंगो या देवपुरुषाने उभारले आणि अठरा वाद्ये एकट्याने वाजवणाराही तोच, अशी मुरियांची श्रद्धा आहे. डोंगराळ भागातील माडिया गोंडांत रीत वेगळी. तेथे रात्री निजायला मुलगेच येत, मुली आपापल्या घरी परतत. भामरागडच्या बाजूला गावात आलेला पाहुणा किंवा वाटसरू गोटुलातच उतरे आणि गावाची बैठकही तेथेच भरे. म्हणून गोटुलाला केवळ ‘युवागृह’ म्हणणे अपुरे आहे. शाळा, चावडी, धर्मशाळा आणि तालीमघर यांना मराठी गावात वेगवेगळ्या जागा असत. गोंड गावात ही सारी कामे एका छपराखाली चालत.

व्हेरिअर एल्विन यांचा मुरियांच्या गोटुलावरील बृहद्ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९३८ मध्ये डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी बस्तरच्या माडियांवर लिहिले होते. एल्विन यांनी या संस्थेकडे आस्थेने पाहिले, पण त्यांच्यानंतर आलेल्या बऱ्याच जणांना त्यात तरुण-तरुणींचा सहवास तेवढा दिसला. छायाचित्रे घेणाऱ्यांची गर्दी वाढली आणि ज्यांचे ते घर होते त्यांनाच त्याचा संकोच वाटू लागला. आश्रमशाळा आणि वसतिगृहे आल्यावर मुले वर्षातले बरेच महिने गावाबाहेर राहू लागली, त्यामुळे संध्याकाळचा मेळा आपोआप विरळ झाला. शहराजवळच्या आणि रस्त्यालगतच्या गावांत गोटुल आधी ओस पडले, मग मोडले. मेंढ्यातही ते राहिले नव्हते.

रचना. गोटुलाची ठरलेली एकच घडण नाही. सर्वसाधारणपणे लाकडी खांबांवर उभे राहिलेले, उतरत्या छपराचे, पडवी असलेले घर आणि त्यापुढे नाचायला पुरेल एवढे सारवलेले अंगण, अशी मांडणी आढळते. भोवती कुंपण असते. कोठे भिंती पूर्ण असतात, कोठे बाजू मोकळ्या. बस्तरमध्ये खांबांवर कोरीवकाम असते. साल आणि साग या दोन्ही लाकडांचा वापर होतो. गडचिरोलीच्या जंगलात साग, ऐन, बिजा आणि बांबू विपुल असल्याने तेच बांधणीत येतात. छपराला गवत किंवा कवेलू. खांब मात्र सागाचे हवेत, असा परंपरेचा आग्रह. त्याला व्यवहाराचाही आधार आहे, कारण वाळवी आणि ओल यांच्यापुढे सागाइतके टिकणारे लाकूड या भागात फारसे नाही.

अशा इमारतीत ‘मूळ वास्तू’ शोधायला जाणे व्यर्थ आहे. गवत काही वर्षांत बदलावे लागते, कवेलू दर पावसाळ्यापूर्वी फेरावे लागतात, सारवण तर सणासणाला. दगडी देवळाच्या जीर्णोद्धारात जुना चिरा जपला जातो. येथे जपायचे असते ते लाकूड आणण्याचा हक्क, बांधण्याचे कसब आणि सगळ्या गावाने एका दिवशी हात लावण्याची सवय. यांतले एक जरी तुटले तरी गोटुल पुन्हा उभे राहत नाही.

पुनरुज्जीवनाची पार्श्वभूमी. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच सुमारास गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपटनम या धरणांच्या योजनांनी दक्षिण गडचिरोली आणि बस्तरमधील आदिवासी गावांवर बुडण्याचे सावट आणले. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. लाल श्यामशहा आणि बाबा आमटे यांच्यासारखे ज्येष्ठ त्यात होते. १९८०च्या दशकाच्या मध्यास या योजना बाजूला पडल्या. मेंढ्यातील लोक या आंदोलनात उतरले होते. धरण थांबले, पण ‘आपण कोण आणि आपले काय’ हा प्रश्न घेऊन माणसे गावी परतली. गावातील देवाजी तोफा यांचे नेतृत्व या काळात पुढे आले. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा गावाशी संबंध जुळला. गावाच्या वतीने न बोलता गावासोबत अभ्यास करण्याची भूमिका त्यांनी घेतली.

हरवलेल्या रीतींपैकी कोणत्या परत आणायच्या, याचा विचार गावात सुरू झाला तेव्हा गोटुलाचे नाव पुढे आले. भूतकाळाची हौस म्हणून नव्हे. पोरांनी कोठे शिकायचे आणि गावाने कोठे बसायचे, हे दोन्ही प्रश्न त्याने सुटत होते.

बांधणी, पाडणी आणि पुन्हा बांधणी. रीतीप्रमाणे गावकऱ्यांनी जंगलातून सागाचे खांब आणले आणि गोटुल उभे केले. वन विभागाच्या दृष्टीने ही विनापरवाना तोड होती. विभागाने गोटुल मोडले आणि लाकूड जप्त केले.

हा संघर्ष नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हा मुलूख पूर्वी जमीनदारीचा. गावकऱ्यांना घरासाठी, शेतीच्या अवजारांसाठी आणि सरपणासाठी जंगलातून लाकूडफाटा आणण्याची मुभा होती. तिला ‘निस्तार’ म्हणत. तेव्हाच्या मध्य प्रदेशात १९५०च्या कायद्याने जमीनदाऱ्या संपल्या आणि जंगले सरकारकडे गेली. निस्तार हक्कांची नोंद कागदावर राहिली, पण अंमलात ते आकसत गेले. त्यातही निस्ताराचा विचार एकेका घराच्या गरजेचा; गोटुल तर कोणाच्याच नावावर नसते. ज्या वास्तूला मालक नाही तिच्यासाठी लाकूड मागायचे कोणी, हे त्या चौकटीत कोठे बसत नव्हते. गावाच्या लेखी मात्र उत्तर सरळ होते: जंगल गावाचे, गोटुल गावाचे.

पाडणीनंतर गाव गप्प बसले नाही. गोंडांत अनेक गावे मिळून ‘इलाका’ धरण्याची जुनी पद्धत आहे. एका गावाचा तंटा इलाक्याच्या बैठकीत जातो. त्या वळणाने आसपासच्या गावांचे लोक जमले आणि गोटुल पाडणे हा केवळ मेंढ्याचा अपमान नाही, असे त्यांनी ठरवले. मेंढ्यात गोटुल पुन्हा बांधायचे आणि इतर गावांनीही आपापले बांधायचे, असा निर्णय झाला. एक गोटुल मोडता येते. गावोगाव उभी राहू लागली तर मोडायला किती माणसे लागतील? विभागाने पुन्हा हात घातला नाही. गोटुल उभे राहिले. महाराष्ट्रातील सत्याग्रहांच्या इतिहासात मिठाचे, पाण्याचे आणि जंगलाचे सत्याग्रह नोंदवले जातात. सभागृह बांधण्याच्या या सत्याग्रहालाही त्या ओळीत जागा मिळायला हवी.

गोटुल आणि ग्रामसभा. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मेंढ्याची ओळख बनली. तिच्यामागची कार्यपद्धती अधिक महत्त्वाची आहे. गावाचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. स्त्रिया आणि पुरुष दोघेही सभेत बसतात. ग्रामसभेखेरीज ‘अभ्यास गट’ चालतो. त्यात निर्णय घ्यायचे नसतात, विषय समजून घ्यायचे असतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावता येते. चर्चा आणि निर्णय यांची ही फारकत मोठ्या संस्थांनाही सहसा साधत नाही. गावात काम करू पाहणाऱ्या अधिकाऱ्याने आधी ग्रामसभेपुढे येऊन बोलावे, हा दंडकही याच पद्धतीतून आला. जुन्या गोटुलात वडीलधाऱ्यांचे ऐकून आणि बरोबरीच्यांशी बोलून शिकायचे असे. अभ्यास गटात तोच धागा दिसतो.

कायद्यातील पुढचा प्रवास. १९९६च्या ‘पेसा’ म्हणजे पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधने आणि तंटे सोडवण्याची रीत जपण्यास सक्षम मानले. पुढे वनहक्क कायदा, २००६ आला. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; असा हक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. बांबूची वाहतूक कोणाच्या परवान्याने करायची यावर त्यानंतरही पेच राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा तो सुटला. २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला.

वनहक्क कायद्यातील एक तरतूद या नोंदीच्या दृष्टीने विशेष आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सार्वजनिक सोयींसाठी वनजमीन वापरता येते. अट अशी, की प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जागा लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. या तेरांच्या यादीत शेवटी समाजकेंद्र आहे. मेंढ्याने गोटुल उभारले तेव्हा हे कलम कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आजची स्थिती. गडचिरोलीत आता सरकारी निधीतून पक्की समाजमंदिरे बांधली जातात. विटा-सिमेंटच्या इमारतीला दुरुस्ती कमी लागते आणि पावसात बैठक मोडत नाही, हा लाभ खरा आहे. पण पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही, सारवलेले अंगण बहुधा उरत नाही, आणि किल्ली एका माणसाकडे असते. गोटुलाला किल्ली नसे. नव्या इमारतींचे नकाशे करताना मोकळ्या बाजू, रुंद पडवी आणि पुढचे अंगण एवढे जरी कायम ठेवले, तरी वापर बदलतो.

ग्रामसभेची पद्धत समजून घेण्यासाठी विद्यार्थी, कार्यकर्ते आणि दुसऱ्या गावांचे लोक मेंढ्याला येतात. मराठीत मिलिंद बोकील यांनी या गावावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिले आहे. गावात येणाऱ्याने आधी ग्रामसभेला कळवावे. जूनपासून भातशेतीची कामे सुरू होतात, तेव्हा लोकांना दिवसा वेळ नसतो. बोलणे संध्याकाळी, जेवणानंतर होते.