क्लचची दुरुस्ती : अंदाजपत्रक कसे पारखावे?

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या घाटरस्त्यांवर गिअर वारंवार बदलावे लागत असल्याने क्लचवर ताण पडतो. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलजवळील मास्टर सिलिंडरमधला दाब ब्रेक ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडील स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोहोचतो. सिलिंडरमधील रबरी सील झिजल्यास ऑइल गळते, पेडल खाली बसते आणि गिअर अडतात. याउलट, चढणीवर इंजिनाचा आवाज वाढूनही गाडी वेग घेत नसेल, तर बहुधा क्लचप्लेट झिजलेली असते.

खर्चाचे गणित या फरकावर ठरते. स्लेव्ह सिलिंडर बाहेर बसवलेला असल्यास तो बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवण्याची गरज नसते. तो आत असल्यास मजुरी वाढते. अशा वेळी क्लचप्लेटही तपासून घेणे हिताचे.

अंदाजपत्रकात सुटे भाग, मजुरी व कर स्वतंत्र मांडलेले असावेत. गळतीची जागा प्रत्यक्ष पाहावी, जुने भाग मागून घ्यावेत. ऑइल वाहन उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच भरावे आणि नळीतील हवा काढून घ्यावी. अनेक मोटारींत क्लच व ब्रेकच्या ऑइलची टाकी एकच असते. त्यामुळे केवळ ऑइल भरून घाट उतरणे धोक्याचे ठरते.