महाड-पोलादपुरांतील लहरींची शींव

जमिनीच्या शिवेचे महजर आपल्या संग्रहांत पुष्कळ आहेत. लहरींच्या शिवेचे कागद मात्र क्वचितच कोणी जपतो. एकाच वारंवारतेवर दोन केंद्रें बोलूं लागलीं कीं एकमेकांचा आवाज बुडवितात. १९३३च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून यंत्र बाळगणेंहि गुन्हा ठरविलें. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय दिला. महाड-पोलादपुरांत सह्याद्रि स्वतःच शींव आंखतो: अतिउच्च वारंवारतेच्या लहरी डोंगर पुष्कळ अंशीं अडवितो, म्हणून घाटापलीकडे तीच वारंवारता पुन्हां वापरतां येते. परंतु तोच डोंगर दरींतील गांवास मुकेंहि करतो. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये दरडीखालीं गेलें. अशा प्रसंगीं एक मोकळी वारंवारता म्हणजे प्राण. सबब जुने परवाने व वारंवारतांच्या याद्या यांसहि महजरांशेजारीं स्थान द्यावें, असें आम्हांस वाटतें.