तलाव कोणाचा?



रोवणीचे दिवस जवळ आले की आपली नजर आधी आभाळाकडे जाते आणि मग तलावाकडे. पाऊस आठ दिवस लांबला, तरी तलावात पाणी असलं तर पऱ्हे जगतात. आज त्याच तलावाची गोष्ट सांगते. तो कोणी बांधला, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, आणि मरायला टेकलेला तलाव बायांनी परत जिवंत कसा केला.

सरकारी कागदात 'मामा तलाव' असं लिहिलेलं असतं. हा मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती पहिली अक्षरं आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत. नाव मालगुजाराचं असलं तरी यातले कितीतरी तलाव त्याच्याही आधीचे आहेत.

चांद्याला गोंड राजे होते तेव्हाची गोष्ट. जंगल भरपूर, शेती थोडी. हीरशहा राजानं फर्मान काढलं असं सांगतात, की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन मिळेल. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाज पटाईत. जमिनीचा उतार पाहून ते जागा धरत, मातीची पाळ घालत, जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवत. वरच्या तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत जाईल अशी रचना असे. पाळीला नाव पाटलाचं लागलं. टोपल्यानं माती वाहणाऱ्या बायांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत.

पुढे भोसल्यांचं राज्य आलं, मग इंग्रजांचं. इंग्रजांनी 1860 च्या दशकात गावोगावी मालगुजारांना मालकी दिली. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. वेठबिगार होती, गरिबाला बोलायची सोय नव्हती. पण एक गोष्ट होती. शेतकऱ्याला बांधीसाठी पाणी, ढिवरांना मासे आणि शिंगाडे, गुराढोरांना पिणं, हे सगळं तलावावर चालायचं. म्हणून पाळ फुटली तर गाव धावायचं.

1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजारी गेली ते बरंच झालं. पण पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, हे गावाच्या हातातून सुटलं. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारी ठेक्यानं सहकारी संस्थांकडे गेली. संस्थेच्या यादीत नावं बहुतेक पुरुषांची. टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव मासे विकणारी ढिवर बाई त्या यादीत क्वचितच.

तलावात गाळ भरला, काठानं बेशरम माजली. उत्पन्न वाढावं म्हणून रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडलं गेलं. हे मासे लवकर वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. म्हणून दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. आपला मरळ, शिंगूर तलावातच पिल्लं देतो, पण त्याला पाणवनस्पतींचा आडोसा लागतो. वनस्पती गेल्या तसा गावठी मासा गेला. त्यांच्यावर जगणारे पक्षीही कमी झाले.

आता शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात चला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं आधी ढिवरांनाच विचारलं, की कोणता मासा कुठं अंडी घालतो, कोणती वनस्पती किती पाण्यात येते. जे ज्ञान अडाण्याचं म्हणून सोडून दिलं होतं, तेच कामाला आलं. बायांचे गट तयार झाले. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर बाया पुढे आल्या आणि ग्रामसभेत बोलू लागल्या.

काम कसं केलं ते नीट ऐका. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायची. नुसती कापली तर ती पुन्हा फुटते. मग कोरड्या पात्राची नांगरणी. पाऊस आल्यावर चांगल्या तलावातून पाणवनस्पती आणून लावायच्या, काही पाण्याखाली वाढणाऱ्या, काही तरंगणाऱ्या. गावठी माशांचं बीज सोडायचं आणि वाढायला वेळ द्यायचा. गवत खाणारा परदेशी मासा मात्र सोडायचा नाही, तो लावलेलं सगळं फस्त करतो. अशा तलावांत गावठी मासा परत आला, आणि त्याच्यामागे पक्षीही.

यात यंत्राचा भाग थोडा आणि राखणीचा मोठा आहे. गाळ काढणं चांगलंच, पण यंत्रानं सगळा तलाव खोल खरवडला तर उथळ काठ जातो, आणि वनस्पती तिथंच येतात.

राखण करायची तर हक्क लागतो. आपल्या भागातल्या गावांना निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे दोन जुने कागद आहेत. वाजिब-उल-अर्जमध्ये सिंचनाच्या आणि मासेमारीच्या रूढी नोंदवण्याची तरतूद जमीन महसूल कायद्यातच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाणवठ्यांतल्या इतर उपजावर सामूहिक हक्क मागता येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखानं 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ग्रामसभा जंगलासाठी बसते, तशी तलावासाठीही बसू शकते.

तेव्हा येत्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी करा. तलाठ्याकडे हे दोन्ही कागद मागा. गावातल्या म्हाताऱ्या ढिवर बाईला बोलवा, पूर्वी तलावात काय काय होतं ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आणि मासेमारी संस्थेच्या यादीत किती बायांची नावं आहेत, ते मोजा.

पाळ बांधणाऱ्या बायांची नावं राहून गेली. राखणाऱ्या बायांची तरी कागदावर येऊ द्या.