मैदानावरचे मौन

पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीकाठचे मासवण असो की बोईसर-तारापूरची वसाहत, शालेय क्रीडा स्पर्धांचा आरंभ साधारण सारखाच असतो. चुन्याने आखलेले कबड्डीचे मैदान, संघांचे संचलन, पाहुण्यांची वाट पाहत उन्हात ताटकळलेल्या रांगा, मग राष्ट्रगीत आणि खेळाडूंची शपथ. अशा वेळी एखादी मुलगी दंडाला काळी फीत बांधून आली, किंवा सगळे गात असताना नुसतीच सावधान उभी राहिली, तर शाळेने काय करावे? प्रश्न एवढासा दिसतो. पण शिस्त, श्रद्धा आणि नागरिकत्व यांचा कस तिथेच लागतो.

हा विषय परका नाही, हे वाचकांनी आधी ध्यानात घ्यावे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ आंदोलनात झालेल्या गोळीबारातील पाच हुतात्म्यांना पालघर आजही अभिवादन करते. काळ्या फिती लावून शिकवणारे शिक्षक मुलांनी पाहिलेले असतात. २०१६ च्या मराठा क्रांती मूक मोर्चांत तर घोषणा न देता चालणाऱ्या लाखोंच्या वतीने मुलींनीच निवेदने दिली. निषेधाची ही रीत मुले मोठ्यांकडूनच शिकतात.

कायद्याच्या बाजूने येणाऱ्या वाचकांनी बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या १९८६ च्या निकालापासून सुरुवात करावी. यहोवाचे साक्षीदार पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश द्यायला लावला. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही, राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा गाण्यात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा देतो, आणि खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क आवळता येत नाही, असा त्या निकालाचा युक्तिवाद आहे. महाराष्ट्रात २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने, प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला.

मात्र इथे एक भेद तुम्ही जपायला हवा. केरळची मुले कशाचा निषेध करत नव्हती. ती आपली श्रद्धा पाळत होती. फीत बांधणारी मुलगी काहीतरी सांगू पाहते. तिच्या प्रश्नाजवळ अमेरिकेतील १९६९ चा टिंकर खटला येतो. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळी फीत बांधणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले, कारण त्यामुळे शाळेच्या कामात मोठा व्यत्यय आला नव्हता. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. पण कसोटी उपयोगी आहे.

निकालपत्रे वाचून झाली की आश्रमशाळेकडे वळा. तिथे वर्ग, जेवण आणि डोक्यावरचे छप्पर एकाच व्यवस्थेच्या हाती असते. घर दूर, संघातली जागा सरांच्या मर्जीवर. अशा ठिकाणी गप्प उभे राहण्याची किंमत शहरातल्या मुलापेक्षा जास्त पडते. त्यामुळे हक्क आहे का, एवढे विचारून भागत नाही. तो बजावल्यावर मुलीचे संघातले नाव टिकते का, हेही पाहावे लागते.

शिक्षक, पालक, पंच, वकील, कुणीही या विषयाच्या अभ्यासात यावे. सोबत एकच सवय आणावी: मुलाने नेमके काय केले ते आधी टिपायचे, आणि त्याला उद्धट ठरवण्याआधी त्याचे कारण विचारायचे.