स्पेलिंग बरोबर, शब्द चुकीचा: फोनला न सापडणाऱ्या इंग्रजी चुका कशा पकडायच्या?

फोनवर इंग्रजी मेल लिहिला, कुठेही लाल रेघ नाही, म्हणजे सगळं बरोबर असं आपण धरून चालतो. पण लाल रेघेचा अर्थ एवढाच, की हा शब्द यादीत सापडला नाही.

साधा स्पेलचेकर आधी शब्द डिक्शनरीत आहे का ते बघतो. नसेल तर कमीत कमी अक्षरं बदलून कुठला खरा शब्द तयार होतो ते शोधतो. या फरकाला 'एडिट डिस्टन्स' म्हणतात, आणि तो मोजण्याची सगळ्यात प्रसिद्ध पद्धत व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. (कोडिंग शिकत असाल तर पीटर नॉर्विग यांचा २००७ मधला छोटासा पायथॉन स्पेलचेकर नक्की बघा.) आता 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' टाइप झालं तर? दोन्ही शब्द यादीत आहेत, त्यामुळे चेकर गप्प. 'सर्व्हर इज नॉट सेफ टू रिस्टार्ट' मधल्या 'नॉट'चं 'नाऊ' झालं तरी तो गप्पच. आमच्या क्षेत्रात असा मेसेज किती महागात पडेल, विचार करा.

शब्द खरा आहे की नाही हे फोन सांगतो. अर्थ मात्र तुमच्या डोक्यात असतो, आणि तो मराठीत असतो. त्याचाच उपयोग करा.

'इट्स' बघा. अपॉस्ट्रॉफी नसेल तर 'त्याचं', असेल तर 'ते आहे'. 'द फोन अँड इट्स बॅटरी' म्हणजे फोन आणि त्याची बॅटरी, म्हणून अपॉस्ट्रॉफी नको. 'युअर' म्हणजे तुझं, 'यू आर'चं छोटं रूप म्हणजे तू आहेस. 'देअर' तीन प्रकारे लिहितात: तिथे, त्यांचं, ते आहेत. इंग्रजीत उच्चार सारखा, पण मराठीत तिन्ही शब्द वेगळे. म्हणून अडलात की शब्दाच्या जागी मनात मराठी शब्द ठेवून बघा. 'ॲफेक्ट' बहुतेक वेळा 'परिणाम करणे', 'इफेक्ट' म्हणजे 'परिणाम'. एका ओने लिहिलेला 'लूझ' म्हणजे गमावणे, दोन ओंचा 'लूस' म्हणजे सैल. 'आय डोन्ट वॉन्ट टू लूझ माय डेटा' मध्ये एकच ओ हवा, डेटा सैल होत नसतो!

पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही. काही ठिकाणी मराठीच आपल्याला फसवते. 'दोन वर्षांपासून' आणि '२०२२ पासून' या दोन्हींत आपल्याकडे 'पासून'च येतं, म्हणून नोकरीच्या अर्जात सर्रास 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' दिसतं. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं तर 'फॉर', कुठल्या क्षणापासून ते सांगायचं तर 'सिन्स'. म्हणजे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स', किंवा शेवटी 'सिन्स २०२२'. तसंच 'विषयी चर्चा करूया' वरून 'डिस्कस अबाउट' येतं. इंग्रजीत 'अबाउट' नको. आणि 'ए', 'ॲन', 'द' मराठीत नाहीतच, म्हणून 'आय ॲम इंजिनियर' आपल्या कानाला खटकत नाही. 'ॲन इंजिनियर' हवं. मला विचाराल तर या तीन गोष्टींचा सराव बाकी यादीच्या आधी करा, कारण इथे आपला कान मदत करत नाही.

पंक्च्युएशनचं थोडक्यात: कॉमा आणि फुलस्टॉपच्या आधी स्पेस नको, नंतर हवी. वाक्यामागे चार-चार टिंबं नकोत. अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही, त्यामुळे 'फोटोज'मध्ये ती घालू नका.

सराव कसा करायचा? जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये टेक्स्ट करेक्शनमध्ये जा (व्हर्जननुसार नाव थोडं वेगळं दिसेल) आणि ऑटो-करेक्शन बंद करा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड असा रस्ता आहे. ऑटो-करेक्शन चालू असेल तर चूक तुम्हाला दिसायच्या आधीच बदलून जाते, मग शिकणार काय? आज दिवसभरात काय केलं ते नोट्समध्ये पाच-सहा ओळींत लिहा. प्रत्येक 'इट्स', 'युअर', 'देअर', 'सिन्स' वर थांबून अर्थ तपासा. मग तोच मजकूर गूगल डॉक्समध्ये पेस्ट करा. तिथे लाल रेघ स्पेलिंगची, निळी व्याकरणाची. निळी रेघ आली की सूचनेवर लगेच टॅप करू नका. आधी काय चुकलं ते स्वतः ओळखा, आणि सूचना पटली नाही तर सोडून द्या, कारण हे टूलही चुकतं.

मजकूर फोनला मोठ्याने वाचायला लावला तर सुटलेले शब्द छान सापडतात. 'देअर'सारखे सारख्या उच्चाराचे शब्द मात्र ऐकून कळणार नाहीत, ते डोळ्यांनीच तपासावे लागतात.